गुलामांची गाणी आणि 'गोइन होम'

विद्रोही कलावंत पूर्वजांच्या भजनांकडे वळला की आपण त्याच्याकडे संशयाने पाहतो. हा संशय अकारण नाही. दास्य सोसायला शिकवणारी गाणी मुक्तीच्या लढ्यात कशाला हवीत? आर्ची शेप आणि होरेस पार्लन यांची 'गोइन होम' ही जॅझची ध्वनिमुद्रिका ऐकताना मला हाच प्रश्न पडला.

१९७७ साली कोपनहेगनमध्ये ती मुद्रित झाली. शेपचा सॅक्सोफोन आणि पार्लनचा पियानो. तिसरे वाद्य नाही, गायक नाही. शेप हा १९६५ च्या 'फायर म्युझिक'चा वादक. १९७१ साली अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याने 'अ‍ॅटिका ब्लूज' काढली. सुरेलपणाच्या प्रस्थापित कल्पना झुगारणारा हा माणूस येथे मुख्यतः 'स्पिरिच्युअल्स', म्हणजे अमेरिकेतील काळ्या गुलामांची धार्मिक गाणी वाजवतो. ही माघार आहे काय?

या गाण्यांचा इतिहास पाहिला तर तसे म्हणता येत नाही. १८७१ साली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी संस्था जगवण्यासाठी गात फिरले. त्यांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले. उच्च शिक्षण घेणारी ती पहिलीच पिढी. आरंभी ही गाणी चारचौघांत गायला ते राजी नव्हते, कारण ती त्यांना गुलामीची खूण वाटत. पुढे याच गाण्यांनी विद्यापीठ वाचवले, ज्युबिली हॉलची इमारत उभी केली. हा संकोच आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला समजावून सांगावा लागत नाही. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी स्वतः वर्गात कधी उच्चारल्या नाहीत.

शेपने केले ते इतकेच, की शब्द वगळले. देव शब्दांत होता. शब्द गेले आणि गाणाऱ्याचा श्वास उरला. शेपचा सूर गुळगुळीत नाही. तो घोगरा आहे, कापरा आहे, त्यात हवेचा आवाज ऐकू येतो. 'गो डाउन मोझेस'मध्ये आपल्याला कुणी भक्त भेटत नाही, माणूस भेटतो. पार्लनचा उजवा हात बालपणीच्या पोलिओने अधू झालेला, म्हणून त्याचा डावा हात अधिक भार वाहतो. तो बोटांच्या गतीचे प्रदर्शन करीत नाही. मोजके, वजनदार स्वर लावून सॅक्सोफोनला आधार देतो.

येथे आपल्याला आंबेडकरी जलसे आठवावेत. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यात नवे शब्द घातले. शेपने शब्दच काढून टाकले. रीती वेगळ्या, पण वारशातला देव नाकारणे म्हणजे अख्खा वारसा नाकारणे नव्हे, हे दोघांनीही ओळखले.

तरीही माझे दोन आक्षेप आहेत. शीर्षकगीताची चाल गुलामांची नाही. ती द्वोर्झाकच्या १८९३ च्या सिंफनीतली, तिच्यावर १९२२ साली त्याचा शिष्य विल्यम आर्म्स फिशर याने शब्द बसवले. 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा जॉन न्यूटन तर एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान. ही दोन्ही गाणी गुलामांच्या गाण्यांच्या पंगतीत त्याच हळुवारपणे वाजतात. निदान न्यूटनच्या गाण्यावर तरी १९६५ चा शेप एकदा ओरखडा काढील, असे वाटले होते. दुसरे म्हणजे, बहुतेक गाण्यांची लय इतकी संथ आहे की वेदना ऐकू येते, पण पळून जाणाऱ्या गुलामाची पावले ऐकू येत नाहीत.

आणि 'होम' कोणते? ज्यांच्या पूर्वजांना बाजारात विकले, त्यांच्यापैकी दोघे घरी जाण्याचे गाणे डेन्मार्कमध्ये वाजवतात. पार्लनने तर त्याच देशात बिऱ्हाड केले होते.

शिक्षकांनी ही ध्वनिमुद्रिका वर्गात जरूर ऐकवावी. नंतर भाष्य करू नये. एवढेच विचारावे, की तुमच्या घरी कोणती गाणी होती, आणि ती तुम्ही कुणापासून लपवलीत?