अप्रिय पात्राचा उद्धार : एका जपानी चेतनपटाचा विचार

निंदित पात्राला न्याय मिळवून देण्याची हौस मराठी साहित्याला जुनीच आहे. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्रग्रंथाने संभाजीराजांवरील बदफैलीपणाचा शिक्का पुष्कळसा पुसला गेला आणि त्यानंतरच्या नाटककारांची दृष्टीही पालटली. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलते केले. या प्रयत्नांची मूल्ये भिन्न असली, तरी त्यांची रीत बहुधा एकच असते. पात्राचा भूतकाळ नव्याने सांगावयाचा, दोषाचा भार परिस्थितीवर किंवा पूर्वीच्या साक्षीदारांवर टाकावयाचा, आणि वाचकाची अप्रीती ही अज्ञानातून आलेली होती असे त्याच्याकडून कबूल करून घ्यावयाचे. जेथे दोष असा हलविता येत नाही तेथे ही रीत लंगडी पडते. द्यूतसभेतील कर्णाच्या उद्गारांपाशी येताच त्याच्या बहुतेक कैवाऱ्यांची लेखणी चाचरते, याचे कारण हेच.

या पार्श्वभूमीवर शिओतानी नाओयोशी यांनी दिग्दर्शित केलेला एक जपानी चेतनपट विचारात घेण्यासारखा आहे. ‘सायको-पास’ या चित्रमालिकेच्या परिवारातील तीन छोट्या चित्रपटांपैकी तो पहिला असून २५ जानेवारी १९ रोजी, म्हणजे २०१९ साली, तो जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याचे उपशीर्षक ‘अपराध आणि शिक्षा’ असे आहे. दस्तयेवस्कीच्या कादंबरीला जपानी भाषेत जे नाव रूढ आहे तेच येथे योजले आहे, आणि हा निव्वळ अलंकार नव्हे.

मूळ मालिका २०१२ साली सुरू झाली. तीत रंगविलेल्या भावी जपानवर ‘सिबिल’ नावाच्या यंत्रणेची सत्ता आहे. ही यंत्रणा प्रत्येक नागरिकाचे मन मोजते आणि त्याचा गुन्हेगारी गुणांक ठरविते. गुणांक १०० च्या वर गेला की मनुष्य ‘सुप्त गुन्हेगार’ ठरतो, मग त्याच्या हातून काही घडलेले असो वा नसो. ३०० च्या वर गेल्यास पोलिसी अस्त्र त्याला जागच्या जागी ठार करू शकते. न्यायालय, साक्षीपुरावा, वकील या गोष्टी त्या राज्यातून नाहीशा झाल्या आहेत. सिबिल हे निर्विकार गणनयंत्र आहे असा जनतेचा समज आहे. प्रत्यक्षात ती ज्यांचे मन त्या मापात सापडत नाही अशा अपवादात्मक व्यक्तींच्या मेंदूंची जोडणी आहे. त्या मेंदूंत गुन्हेगारांचेही मेंदू आहेत.

शिमोत्सुकी मिका ही या राज्यातील तरुण पोलीस निरीक्षक. २०१४ च्या दुसऱ्या मालिकेत तिने प्रेक्षकांचा रोष ओढवून घेतला, आणि तो रोष अनाठायी नव्हता. ती वरिष्ठ सहकारी त्सुनेमोरी अकाने हिचा मत्सर करते आणि हाताखालच्या सुप्त गुन्हेगारांना तुच्छ लेखते. सिबिलचे खरे रूप कळल्यावर ती भयाने कोसळते, आणि त्या भयातून वर येते ती यंत्रणेची स्तुती करीतच. सर्वांत गंभीर गोष्ट ही की, तिने पुरविलेल्या माहितीमुळे अकानेच्या आजीचा खून होतो. एखादा सामान्य पटकथाकार ही गाठ सोडविण्यासाठी मिकाच्या शालेय जीवनाकडे वळला असता. तिची मैत्रीण एका क्रूर हत्याकांडात बळी पडली होती हे पहिल्या मालिकेत आलेलेच आहे. तेवढ्या दुःखावर दोन तास करुणरस सहज निघाला असता.

प्रस्तुत चित्रपट जेमतेम तासाभराचा आहे आणि तो यांपैकी काहीच करीत नाही. २११७ सालच्या हिवाळ्यात एक मोटार भरधाव येऊन पोलीस खात्याच्या इमारतीवर आदळते. ती चालविणारी यासाका इझुमी ही आओमोरी प्रांतातील ‘सँक्च्युअरी’ नावाच्या कोंडवाड्यात समुपदेशक असते. तिचा जबाब घेण्यापूर्वीच तिला परत पाठविण्याचा हुकूम सुटतो. तिच्यासोबत मिका जाते. बरोबर गिनोझा, जो एकेकाळी स्वतः निरीक्षक होता आणि आता सुप्त गुन्हेगार ठरून त्याच खात्यात राबतो आहे. सँक्च्युअरीत सर्व काही शांत, स्वच्छ, शिस्तबद्ध दिसते. तेथील बंदी संतुष्ट आहेत आणि मुकाट्याने कामे करीत आहेत. या संतोषाचाच मिकाला संशय येतो.

येथे चित्रपटाचे मर्म आहे. मिकाचा स्वभाव तोच राहिला आहे. ती पूर्वीइतकीच हट्टी, तोंडाळ, मानापमानाविषयी हळवी आणि नियमांची अभिमानी आहे. गिनोझावर खेकसणे तिने सोडलेले नाही. बदलले आहे ते या गुणांच्या भोवतालचे जग. ज्या ठिकाणी प्रत्येकाने न पाहण्याचे ठरविले आहे, तेथे नियमावर बोट ठेवून अडून बसणारी व्यक्ती एकाएकी उपयोगी ठरते. पूर्वी जो आडमुठेपणा चीड आणीत होता, तोच यासाकाच्या आणि तिच्या आश्रयातील बालकाच्या पाठीशी उभा राहतो. यंत्रणेवर मनापासून विश्वास असल्यामुळेच यंत्रणेच्या नावावर चाललेली लबाडी तिला सहन होत नाही. आजीच्या मृत्यूची आठवण पुसण्याचा प्रयत्न कोठेही नाही. उपशीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो : रास्कोलनिकोव्ह कबुलीजबाबाच्या द्वारे परत येतो, मिकाला ते द्वार बंद आहे, कारण तिच्या राज्यात कबुली ऐकणारे कोणी उरलेलेच नाही. तिला केवळ पुढचे काम नीट करता येते. मराठीतील कर्णभक्तांच्या रीतीपेक्षा ही रीत कठोर आहे आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, अधिक प्रामाणिक आहे.

चित्रपटाची उणीव मात्र याच यशाला चिकटलेली आहे. उद्धार झाला तो अधिकाऱ्याचा. ज्यांना कोंडले आहे ते बहुतेक अखेरपर्यंत एक समुदायच राहतात. नावगाव मिळते ते मोजक्यांना. मराठी वाचकाला हे विशेष जाणवावे, कारण कृतीपूर्वीच गुन्हेगार ठरविण्याची कल्पना या भूमीत भविष्यकाळातील नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरविली गेली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. हजेरी देणे, परवान्यावाचून बाहेर न पडणे, काम करून ‘सुधारणे’ हा त्या वसाहतींचा क्रम होता. १९५२ साली तो कायदा गेला, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मागे राहिले. मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने (१९५९) तर केवळ एका अवस्थेसाठी माणसाला पकडून ठेवता येऊ लागले. त्याखालील भिक्षेकरीगृह ट्रॉम्बेच्या वाटेवर, चेंबूरला आहे.

ट्रॉम्बेचा उल्लेख आणखी एका कारणाने करावासा वाटतो. चित्रपटकारांनी आपला कोंडवाडा आओमोरीत वसविला. रोक्काशो येथील अणुइंधन-पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प त्याच प्रांतात आहे, हे जपानी प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. ‘येथे जमिनीखाली काय चालले आहे’ हा मिकाचा प्रश्न म्हणूनच त्या प्रांतात सहज उमटतो. भारतातील असा पहिला प्रकल्प ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी १९६० नंतरच्या दशकात उभा राहिला. त्या डोंगराच्या एका बाजूला कोळीवाडा आहे, दुसऱ्या बाजूला कुंपण आहे. सामान्य माणसाला आत काय आहे हे माहीत नसणे आणि तरीही त्याच्या छायेत निश्चिंत राहणे, ही सँक्च्युअरीतील बंद्यांची मनःस्थिती ट्रॉम्बेच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. दोन्हींची तुलना मात्र याहून पुढे नेणे अन्यायाचे होईल.

कुंपणाच्या आतून बोलणारा आवाज मराठीत उशिरा आला, पण आला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने भटक्या व गुन्हेगार म्हणून नोंदलेल्या समाजांतील माणसांनी स्वतः लिहिली. त्यांत पोलीस पुष्कळ आहेत. त्यांपैकी क्वचित एखादा भलाही आहे. परंतु त्याच्या भलेपणाने निवेदकाचे जग बदलत नाही, एक रात्र सुखाची जाते इतकेच. मिकाच्या शौर्याला या मापाने मोजले तर ते त्या एका रात्रीइतके भरते. सँक्च्युअरीतून तिने ज्यांना वाचविले ते वाचले. त्यांचा गुणांक मोजणारी सिबिल जागच्या जागी आहे, आणि मिका तिची नोकरही आहे.

चित्रपटकारांना हे उमगले नसेल असे मानता येत नाही. मिकाला त्यांनी बंडखोर केले नाही, तिला अकानेची प्रतिकृतीही केले नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या मालिकेत ती खात्यात वरच्या पदावर चढलेली दिसते. अकाने तेव्हा बंदिवासात असते. ज्या प्रेक्षकांनी तासाभरापूर्वी मिकाला क्षमा केली, त्यांच्यासमोर हे दृश्य ठेवण्याचे धैर्य या मालिकेत आहे.