ऋतुविषयक निबंध आणि लेखनप्रगतीचे मापन

शालेय निबंधलेखनात ऋतुवर्णनाचे स्थान जुने आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘हिवाळ्यातील पहाट’, ‘उन्हाळ्यातील दुपार’ असे विषय वर्षभर क्रमाने द्यावेत आणि त्यांवरून विद्यार्थ्याच्या लेखनाची प्रगती ठरवावी, ही पद्धत वरकरणी स्वाभाविक वाटते. विषय सर्वांच्या अनुभवातील असतो, हा तिचा गुण निर्विवाद होय. परंतु अध्यापनाचे साधन आणि मापनाचे साधन या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रगतीचे मापन म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या दोन लेखनांची तुलना. तुलनेस दोन्ही विषयांची काठिण्यपातळी समान हवी. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. साहजिकच वर्षाचा पहिला निबंध पावसावर असतो. नाचणारा मोर, धरणीने नेसलेला हिरवा शालू ही पावसाची सामग्री निबंधाच्या पुस्तकांतून आयती मिळते. उन्हाळ्यासाठी असा साठा तुटपुंजा. मग जुलैचा निबंध सरस व मार्चचा नीरस ठरला, तर ती विद्यार्थ्याची अधोगती म्हणावयाची की विषयांतील अंतर?

वऱ्हाडात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत पाऊस म्हणजे पेरणी, डवरणी, निंदण आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीची धास्ती. शेतकऱ्याच्या मुलाजवळ हे अनुभवद्रव्य विपुल असते; मात्र ते ‘वावर’, ‘पऱ्हाटी’ अशा शब्दांतून येते. परीक्षकाने या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली की मुलगा पुढील खेपेस मोराकडे वळतो. गुण वाढतात, लेखन मात्र खालावते. याच वऱ्हाडात, रिद्धपूर येथे, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ बोलीच्याच बळावर उभे आहे, हे येथे स्मरणीय आहे.

परीक्षकभेदाचा दोष याहून वेगळा. अमेरिकेत १९६१ साली पॉल डीडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ वाचकांकडून नऊ श्रेणींत तपासून घेतले. त्यांपैकी १०१ निबंधांना नऊही श्रेणी मिळाल्या. विषय बदलता आणि परीक्षक एकच असेल, तर निष्कर्षाचा भरवसा किती धरावा?

यास्तव ऋतुविषय टाकून देण्याचे कारण नाही. तुलनेची रीत बदलणे इष्ट आहे. आठवीच्या जुलैतील निबंध त्याच वर्षीच्या मार्चमधील निबंधाशी न ताडता नववीच्या जुलैतील निबंधाशी ताडावा. दोन्ही निबंध, इयत्ता न कळविता, दोन परीक्षकांनी तपासावेत; विचार, मांडणी, शब्दयोजना व शुद्धता यांस स्वतंत्र गुण द्यावेत आणि बोलीतील नेमका शब्द अशुद्ध मानू नये. वर्षाच्या अंतरामुळे ही रीत संथ आहे, हे खरे. वर्षांतर्गत निबंध मार्गदर्शनासाठी उपयोगी पडतीलच. मात्र त्यांच्या गुणांना प्रगतीचा आलेख समजणे म्हणजे ऋतूच्या पालटाला विद्यार्थ्याचा पालट मानणे होय.