ऐकायच्या फायलीला पुस्तकांची यादी

मंडळी, आज टीका करायची आहे ती तीन अक्षरांच्या एका चिठ्ठीवर. मात्रोस्का, म्हणजे आपली एमकेव्ही फाइल. 2002 साली आलेला हा फॉरमॅट खुला आहे, मोफत आहे. एकाच फायलीत कितीतरी आवाज नि सबटायटल्स मावतात, आणि प्रत्येक ट्रॅकवर भाषेची चिठ्ठी लावता येते. मराठीची चिठ्ठी 'एमएआर'. आपलं काम भागतं.

पण मावळात काय फक्त मराठीच बोलतात? समजा, एखाद्या कातकरी वस्तीवर कुणी एका आजींची गोष्ट रेकॉर्ड केली. चिठ्ठी कुठली लावायची? मात्रोस्कानं मुळात निवडलं आयएसओ 639-2, हे 1998 चं मानक. त्यात कातकरी नाही. कारण ही यादी ग्रंथालयांच्या सोयीनं घडलेली. तिची नोंदणी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे. नवा कोड हवा, तर संस्थांच्या संग्रहात त्या भाषेतले 50 दस्तऐवज दाखवायचे. तोंडी जगलेल्या भाषेनं ते आणायचे कुठून? ऐकायच्या फायलीसाठी पुस्तकांची यादी घेतली, हा माझा पहिला आक्षेप. मग 'एमएआर' लावून कातकरी मराठीत जमा करा, नाहीतर 'आयएनसी' लावून भारतीय-आर्य भाषांच्या गाठोड्यात टाका.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चिठ्ठी लावलीच नाही तर? मानक सांगतं, इंग्रजी समजा! आजी बोलतायत कातकरी, आणि फाइल म्हणते 'ईएनजी'. अहो, भाषा ठरलेली नाही हे सांगायला त्याच यादीत 'यूएनडी' होता की!

सुधारणा झाली, हेही सांगितलं पाहिजे. 2007 च्या आयएसओ 639-3 मध्ये कातकरीला 'केएफयू' हा स्वतःचा कोड आहे. मात्रोस्कानंही पुढे बीसीपी 47 साठी वेगळा रकाना दिला. त्यात 'केएफयू' चालतो, लिपीसुद्धा सांगता येते. तो भरला की जुना रकाना बघायचाच नाही. पण 2024 च्या आरएफसी 9559 मध्येही जुन्या रकान्याचं गृहीत इंग्रजी तसंच आहे. जुन्या फायलींचा अर्थ बदलू नये, असा बचाव करता येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं? उद्या संग्रहात कुणी कातकरी शोधलं, तर आजींची गोष्ट सापडणारच नाही. असून नसल्यासारखी.

तेव्हा रेकॉर्डिंग करणाऱ्यांनो, नवा रकाना रिकामा सोडू नका. आणि भरण्याआधी आजींना विचारा, तुम्ही तुमच्या भाषेला काय म्हणता?