लिंकरची रांग: नियम जुना, खोट मौनाची

मंडळी, कंपायलरबद्दल आपण भरपूर बोलतो; लिंकरकडे मात्र बिल्ड अडकला तरच लक्ष जातं. आज आम्ही त्याची एक सवय तपासणार आहोत: लायब्ररींचा क्रम.

युनिक्स परंपरेतला लिंकर, त्यात ग्नू एलडीही आला, कमांडवरच्या फाइली डावीकडून उजवीकडे वाचतो. ऑब्जेक्ट फाइल तो पूर्ण घेतो. स्टॅटिक लायब्ररीतून मात्र त्या क्षणी ज्या नावांची मागणी बाकी आहे, तेवढेच भाग उचलतो आणि पुढे जातो. मागे वळून बघत नाही. समजा, मुख्य फाइलला लायब्ररीतलं एक फंक्शन हवंय, पण लायब्ररी आधी लिहिली आहे. तिच्यापाशी पोचताना मागणीच नसते, म्हणून लिंकर काहीच उचलत नाही. मग मुख्य फाइल मागणी करते आणि आपल्याला दिसतं, 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. म्हणून नियम असा: मागणारा आधी, पुरवणारा नंतर.

पीडीपी-११ च्या तुटपुंज्या मेमरीत एकदाच वाचणं शहाणपणाचंच होतं. आज एलएलव्हीएमचा एलएलडी मागे गेलेल्या लायब्ररीतली नावं लक्षात ठेवतो. दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील, तर ग्नू एलडीही 'स्टार्ट-ग्रुप' आणि 'एंड-ग्रुप' यांच्यामधल्या लायब्ररी पुन्हा पुन्हा चाळतो.

मग क्रमच मोडीत काढायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. नीट लावलेल्या क्रमातून कोण कोणावर उभं आहे हे कळतं. एलएलडीतही उलट्या क्रमाबद्दल इशारा देणारा 'वॉर्न-बॅकरेफ्स' पर्याय आहेच.

आमचा आक्षेप आहे तो मौनावर. जे फंक्शन लिंकरने आत्ताच ओलांडलं, ते 'सापडलं नाही' एवढंच तो सांगतो. क्रमाबद्दल चकार शब्द नाही. नवशिका बिचारा लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

याहून वाईट म्हणजे यशस्वी बिल्ड. दोन लायब्ररींत एकाच नावाचं फंक्शन असेल, तर सहसा रांगेत आधी असलेलीचं घेतलं जातं आणि दुसरीचं बघितलंही जात नाही. एरर नाही, इशारा नाही. उद्या कुणी क्रम बदलला की प्रोग्रॅमचं उत्तरच बदलू शकतं, आणि सोर्समध्ये तर एक अक्षरही बदललेलं नसतं!

म्हणून शंका आली की लिंकरकडून मॅप फाइल मागा. कोणता भाग कुठल्या लायब्ररीतून आणि कोणाच्या मागणीमुळे आला, ते तिच्यात लिहिलेलं असतं. लिंकरला सगळं ठाऊक असतं. विचारल्याशिवाय तो बोलत नाही, हीच त्याची खोट.