मास्तरांच्या पगाराचा आकडा

वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. ते राधानगरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. बहुतेक नोकरी वाड्यावस्त्यांवर झाली, एकशिक्षकी नाहीतर दुशिक्षकी शाळांत. ट्रंकेत वरच्या बाजूला पुस्तके होती : साने गुरुजी, व्यंकटेश माडगूळकर, पु. ल. देशपांडे. प्रत्येकाला खाकी कागदाचे कव्हर, आत निळ्या शाईत नाव आणि तारीख. पुस्तकांच्या खाली, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. त्यात संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या, सायक्लोस्टाइल केलेली पत्रके, निवेदनांच्या कार्बन प्रती आणि १९७७-७८ सालच्या चौपन्न दिवसांच्या संपातले काही कागद होते.

पुस्तके घरी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवली जात. तो गठ्ठा मात्र वडिलांनी हयातीत कधी कोणाला दाखवला नाही. मला वाटते, यात केवळ एका माणसाचा संकोच नाही. आपल्या साहित्याने शिक्षकाची जी प्रतिमा घडवली, तिच्यात पुस्तकांना जागा होती, गठ्ठ्याला नव्हती. हा लेख त्या जागेविषयी आहे. मी विद्यापीठातला नाही. पदवीही अर्धी राहिली. पण पुस्तके आणि गठ्ठा दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर जे दिसले, ते मांडतो.

साने गुरुजींपासून सुरुवात करावी लागते, कारण ‘गुरुजी’ हा शब्द त्यांच्यामुळेच आपल्या मनात इतका पवित्र झाला. १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. त्या सहा वर्षांवर महाराष्ट्राने आदर्श शिक्षकाची मूर्ती उभी केली : स्वतःसाठी काही न मागणारा, मुलांचे कपडे धुणारा, डोळ्यांत पाणी असणारा. ही मूर्ती खोटी नाही, पण अर्धी आहे. नोकरी सोडल्यावर हेच गुरुजी खानदेशात शेतसारा माफीसाठी शेतकऱ्यांबरोबर आणि अमळनेरच्या गिरणी कामगारांबरोबर उभे राहिले. म्हणजे ज्यांच्या नावाने शिक्षकाला ‘मागू नकोस’ असे सांगितले जाते, ते स्वतः मागणाऱ्यांचे संघटक होते. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीत ते गुरुजी येत नाहीत.

‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. तिचा निवेदक राजाराम हा औंध संस्थानातला तरुण मास्तर. मेंढपाळांच्या वाडीत तो जातो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो, गावाची लहानमोठी कामे अंगावर घेतो, तालीम उभी करतो. मराठीत प्राथमिक शिक्षकाचे याहून जिवंत चित्र मला माहीत नाही. मी ती कादंबरी दर दोन-चार वर्षांनी वाचतो. पण वाचताना एक गोष्ट लक्षात येते : मास्तर इतका आपलासा होतो की, त्याची नोकरी ही नोकरी आहे याचा आपल्याला विसर पडतो. ‘व्यक्ती आणि वल्ली’तले चितळे मास्तर घ्या. घड्याळाकडे न बघता शिकवणारा तो म्हातारा माणूस पाहून आपले डोळे भरतात. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी महिन्याला काय येत असेल, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. तो मनात आला तर आपणच ओशाळू.

इथे लेखकांना दोष द्यायचा नाही. कादंबरीने पगारपत्रक छापावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. दोष वाचकांचा आणि समीक्षेचा आहे. आपण या व्यक्तिरेखा शिक्षकांना मोजण्याची पट्टी म्हणून वापरल्या. १९७७ साली डिसेंबरात संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या दारात उभा राहून एक शहाणा माणूस वडिलांना म्हणाला, “गुरुजी म्हणवता आणि संप करता?” ‘कारकून म्हणवता आणि संप करता?’ असे कोणी विचारत नव्हते. राज्य सरकारी, जिल्हा परिषदेचे आणि शाळांतले कर्मचारी त्या संपात एकत्र होते. हा प्रश्न मात्र शिक्षकांसाठीच राखीव होता. वडिलांनी त्याला उत्तर दिले नाही. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते असे नाही, पण ते द्यायला लागणारी भाषा त्यांच्या आवडत्या पुस्तकांत नव्हती.

ती भाषा मराठी मुलखात जुनी आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडा आहे : प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २०. त्याच निवेदनात शाळा-तपासणीवरही कडक बोल आहेत. तपासनिसाने निदान तीन महिन्यांतून एकदा शाळा पाहावी आणि मधूनमधून न कळवता यावे, असे ते सुचवतात. या दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या, एकाच कागदावर आहेत, हे महत्त्वाचे. मूल्यमापन हवे आणि पोट भरेल असा पगारही हवा; त्यांना यात विरोध दिसला नाही. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शिकवणारा माणूस अर्धपोटी असेल तर शिक्षणही अर्धेच होईल, इतका हा सरळ हिशेब होता. पुढे मराठी साहित्याने शिक्षकावर प्रेम केले, पण फुल्यांचा आकडा बाजूला ठेवून.

माझ्या गावाला तर हा हिशेब नवा नसावा. राधानगरी हे नावच राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येवरून पडलेले. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ४ मार्च १९१८ रोजी करवीर तालुक्यातल्या चिखलीत या योजनेची पहिली शाळा सुरू झाली. इथे शाळा ही राज्याची जबाबदारी होती, कोणाच्या दानतीवर अवलंबून नव्हती. संस्थान विलीन झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. वडिलांच्या सगळ्या बदल्यांचे आदेश जिल्हा परिषदेच्या शिक्क्याचे आहेत.

आता गठ्ठ्याकडे वळतो. इतकी वर्षे शिक्षक संघटनांची निवेदने कोणी साहित्य म्हणून वाचलेली नाहीत. मी वाचली, आणि मला त्यांचीही तक्रार करायची आहे. जवळजवळ प्रत्येक निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार असतो, ज्ञानदानाचे पवित्र कार्य करत असतो. मागणी येते ती दुसऱ्या पानावर, तीही क्षमा मागितल्यासारखी. ज्या प्रतिमेने शिक्षकाला गप्प बसवले, तीच प्रतिमा पांघरून संघटना मागायला जातात. समोरच्याला मग उत्तर सोपे जाते : पवित्र कार्याचे मोल पैशात कसे करणार?

मूल्यमापनाच्या बाबतीत हे फार महागात पडले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले. ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी शाळेच्या श्रेणीशी बांधली गेली. मधल्या काळात शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून पाठवावी, असाही आदेश निघाला होता. विरोध झाल्यावर तो थांबवावा लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले. त्यांचे म्हणणे रास्त होते. धनगरवाड्यावर पावसाळ्यात ओढा भरला की मूल येत नाही. त्याची श्रेणी मास्तरांच्या पगारातून का वसूल करायची? पण निवेदनांत हा ओढा नाही. त्यांत ‘जाचक अटी’ आहेत. ‘जाचक’ हा शब्द मोर्चात चालतो, पण पालकाच्या डोळ्यांसमोर त्याने काही उभे राहत नाही. संघटनांनी ‘आमचे मूल्यमापन असे करा’ असा स्वतःचा कागद फुल्यांसारखा पुढे ठेवला असता, तर गाव त्यांच्या बाजूने अधिक जोरात बोलले असते.

पेन्शनचे तसेच झाले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. पूर्वी शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता मिळे. नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे दहा टक्के आणि सरकारचे चौदा टक्के बाजारात गुंतवले जातात. शेवटी हाती काय येईल ते बाजार सांगेल. १४ मार्च २०२३ पासून सात दिवस राज्यभर संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घराघरांत पोचली. २०२४ मध्ये निम्म्या पगाराची हमी देणारी सुधारित योजना आली, पण कर्मचाऱ्याच्या पगारातली कपात राहिली.

या संपाच्या आठवड्यातच कोल्हापुरात उलटा मोर्चा निघाला. जुनी पेन्शन देऊ नका, आम्ही कमी पगारात काम करायला तयार आहोत, असे सांगणारे सुशिक्षित बेरोजगार तरुण त्यात होते. मला त्या मोर्चाचा राग आला, आणि मग राग ओसरल्यावर भीती वाटली. डी.एड., बी.एड. करून घरी बसलेली ही पोरे वडिलांसारख्या मास्तरांचीच विद्यार्थी होती. त्यांना शिक्षकाचे निवृत्तिवेतन हे आपल्याच उद्याच्या नोकरीचे मोल आहे, असे का वाटले नाही? घोषणेत यमक होते, पण शाळा नव्हती. ‘मिशन’ या शब्दात तर तेच जुने पावित्र्य होते, फक्त इंग्रजी कपड्यात.

खरे म्हणजे तिन्ही प्रश्न एकच आहेत, आणि ते आमच्या तालुक्यात जितके स्पष्ट दिसतात तितके शहरात दिसत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याची हालचाल सुरू झाली. त्याच महिन्यात शाळा ‘दत्तक’ देण्याची योजना आली. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला आणि २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. कंत्राटी शिक्षकाला पेन्शन नाही. त्याचे मूल्यमापन म्हणजे पुढच्या वर्षी करार होणार की नाही, एवढेच. आणि शाळेवर ताबा कोणाचा, हे विचारायला तो तिथे टिकतच नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी लागेल. माझा पुतण्या वाडीवरच्या शाळेत शिकवतो. दिवसा चौथीचा वर्ग घेतो, रात्री स्वतः परीक्षेचा अभ्यास करतो. त्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्या शाळेचा पट अकरा आहे.

आणि या शिक्षकाला आपला प्रतिनिधी निवडायचाही हक्क नाही. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, पण मतदार होण्यासाठी निदान माध्यमिक शाळेत शिकवावे लागते. चौथीच्या मास्तरांचे मत तिथे मोजले जात नाही. साहित्यात त्यांचा पगार मोजला नाही, सभागृहात मत मोजले नाही. आता शाळेचा पट तेवढा मोजला जातो.

माझी आई वडिलांच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर जगते. महिन्याच्या सुरुवातीला ती बँकेत जाते, पासबुक भरून आणते आणि रक्कम मला वाचायला लावते. तिला अक्षरे येतात, आकडे मात्र माझ्याकडूनच ऐकायचे असतात. चौपन्न दिवसांच्या संपात घरात काय शिजत होते, हे ती अजून सांगते : नाचणीची आंबील आणि शेजारून आलेली भाजी. पुस्तकांतल्या कुठल्याही गुरुजींच्या घरी मला ती आंबील भेटली नाही.

मराठी समीक्षेने दलित आत्मकथने वाचायला शिकताना आपली पट्टी बदलली. गिरणगावाचे साहित्य वाचतानाही ती बदलली. शिक्षकांची निवेदने, पत्रके, सेवापुस्तके आणि बदली आदेश वाचायलाही ती बदलायला हवी. त्यांत अलंकार नाहीत आणि भाषाही पुष्कळदा उसनी आहे, हे मी वर म्हटलेच आहे. पण आपल्या शाळा कशा उभ्या राहिल्या आणि कशा कमी होत आहेत, याचा लेखी पुरावा तिथेच आहे. वडिलांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून मी प्रत्येक कागदावर साल आणि गाव टिपून ठेवले आहे. आसपासच्या चार घरांतून आणखी तीन गठ्ठे मिळाले. एक वाळवीने अर्धा खाल्लेला. वाचकांपैकी कोणाच्या घरी प्राथमिक शिक्षकाची ट्रंक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तळाचे कागद रद्दीत देऊ नयेत. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतील. त्या कागदांची प्रत मात्र एकच असते.