सारथ्याचा हिशेब

लढाऊ वैमानिकांची चरित्रं उदंड आहेत. मालवाहू विमान चालवणाऱ्याच्या वाट्याला पुस्तक क्वचितच येतं. म्हणून फ्रिट्झ मॉर्झिक या जर्मन अधिकाऱ्याने लिहिलेला आणि अमेरिकन हवाई दलाने १९६१ साली प्रसिद्ध केलेला जर्मन हवाई वाहतुकीचा इतिहास मुद्दाम वाचावा असा आहे.

मॉर्झिक हाडाचा वैमानिक. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने युरोपातली हलक्या विमानांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. १९४२ च्या हिवाळ्यात रशियातल्या डेम्यान्स्कला सुमारे एक लाख जर्मन सैनिक वेढ्यात सापडले. त्यांना रोज ३०० टन माल पोचवायचा होता. त्यासाठी उडण्याजोगी १५० विमानं कायम हवीत, असं मॉर्झिकने सांगितलं. हाताशी होती जेमतेम निम्मी. तरी सैन्य तगलं. मॉर्झिकला नाइट्स क्रॉस हे मानाचं पदक मिळालं. विमानं गेली २६५.

पुस्तकाचं बळ असं की तो या यशाचा डंका पिटत नाही. विमानं आणि वैमानिक आणले होते उड्डाण शिकवणाऱ्या शाळांमधून, प्रशिक्षकांसकट. म्हणजे बियाण्याचं धान्यच दळून खाल्लं. शिवाय डेम्यान्स्क निभावलं म्हणून स्टालिनग्राडही निभावेल, हा भ्रम वाढला. तिथे ४८८ विमानं गेली.

हिशेब चोख आहे, पण तो टनांपाशी थांबतो. डेम्यान्स्कमधलं सैन्य ज्या मोठ्या फौजेचा भाग होतं, तीच फौज तेव्हा लेनिनग्राडला वेढा घालून बसली होती आणि आत माणसं भुकेने मरत होती. विमानांतून गेलेली पोती कुणाला जगवत होती आणि त्यापायी कोण मरत होतं, हा प्रश्न मॉर्झिकला पडत नाही.

न्यूझीलंडमध्ये राहून वाचताना ही उणीव अधिक बोचते. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावरच्या मालेमे धावपट्टीचं रक्षण न्यूझीलंडच्या २२ व्या बटालियनकडे होतं. २० तारखेच्या रात्री तिने पट्टीलगतची टेकडी सोडली. दुसऱ्या दिवशी तोफांच्या माऱ्यातही युंकर्स ५२ विमानं सैनिक घेऊन उतरू लागली आणि बेट हातचं गेलं. न्यूझीलंडचे ६७१ जण मेले. त्या लढाईत जखमी झालेल्या डॅन डेव्हिनने १९५३ साली तिचा अधिकृत इतिहास लिहिला. टेकडी का सोडली, प्रतिहल्ला का लांबला, हे तो आपल्याच अधिकाऱ्यांना विचारतो.

कुरुक्षेत्रावर श्रीकृष्ण स्वतः लढला नाही. तरी गांधारीने शाप दिला तो त्यालाच. सारथी युद्धाबाहेर नसतो, हे आपल्याला महाभारताने शिकवलं आहे. मॉर्झिक जरूर वाचावा, आकड्यांसाठी. पण डेव्हिनचा ग्रंथ शेजारी उघडा ठेवून.