विनियोजन विधेयकातील ‘बाब’

खर्चाच्या विधेयकातील एकेक बाब वेगळी काढून ती नामंजूर करण्याचा अधिकार कार्यकारी प्रमुखास असावा काय, हा प्रश्न आपल्याकडे राज्यशास्त्राचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो प्रथम अर्थनिश्चितीचा प्रश्न आहे. कारण ‘बाब’ म्हणजे केवढा घटक, हे ठरल्यावाचून त्या अधिकाराची मर्यादा सांगता येत नाही.

भारतीय संविधानाने राज्यपालास असा अधिकार दिलेला नाही. अनुच्छेद २०० अन्वये तो अनुमती देतो ती समग्र विधेयकास. धन विधेयक तर त्यास फेरविचारार्थ परतही पाठविता येत नाही. रक्कम कमी करण्याची सत्ता अनुच्छेद २०३ ने विधानसभेकडे ठेविली आहे. पूर्वी उलट प्रकार होता. १९१९ च्या कायद्याखाली मुंबई कायदेमंडळाने राखीव खात्याची मागणी कापल्यास, तो खर्च आपल्या जबाबदारीसाठी आवश्यक असल्याचे प्रमाणित करून गव्हर्नर ती पूर्ववत करू शके. म्हणजे त्याची सत्ता खोडण्याची नव्हे, खोडलेले पुन्हा लिहिण्याची होती!

उधळपट्टीस आळा बसेल म्हणून हा नकाराधिकार हवा, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा एखादा विनियोजन अधिनियम उघडून पाहावा. त्याच्या अनुसूचीत मागण्यांपुढे ठोक रकमा असतात. करवीर तालुक्यातील अमुक रस्ता तीत सापडावयाचा नाही. तपशील अर्थसंकल्पीय प्रकाशनांत असतो, कायद्याच्या पाठात नव्हे. लेखणीने खोडावे तर अख्खी मागणीच. मराठेशाहीच्या दफ्तरांत कलमागणिक आज्ञा लिहिली जाई, ती यादीच कलमे पाडून लिहिलेली असल्यामुळे. घटक आधी पाठात असावा लागतो.

तो पाठात निश्चित नसला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने दाखविले. तेथे १९३० पासून गव्हर्नरास खर्चविषयक विधेयक ‘अंशतः’ नामंजूर करता येते. १९९० मध्ये अक्षरे खोडून नवे शब्द घडविण्यास, तर २००८ मध्ये वाक्यांचे तुकडे जोडून नवे वाक्य करण्यास बंदी घालावी लागली. तरीही २०२३ मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी ‘२०२४-२५’ यातील ‘२०’ व संयोगचिन्ह खोडून ‘२४२५’ केले, आणि शाळांच्या महसूलमर्यादेतील दोन वर्षांची वाढ चार शतकांची झाली. २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. हा नकार नव्हे, हे लेखन होय.

आपल्याकडे मात्र खोडाखोडीची गरजच भासत नाही. मार्च २०२० मध्ये विधिमंडळाने अर्थसंकल्प संमत केला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने खर्च सामान्यतः तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर रोखला गेला. महामारीची निकड निर्विवाद होती. तथापि कोणत्या बाबीस किती मिळावे, हा निवड करण्याचा व्यवहार तेथे कार्यकारी शाखेने केला, आणि त्यासाठी सभागृहाकडे परत जावे लागले नाही. अशा आदेशांच्या भाषेत ‘नामंजूर’ हे क्रियापद आढळत नाही. निधी ‘वितरित’ होतो किंवा होत नाही, एवढेच. आणि न झालेल्या वितरणाचा कर्ता वाक्यात कोठेही येत नाही.